मासा नसलेली टाकी

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात चाळीसेक लिटरची काचेची टाकी. पंप चालू, हीटर चालू, तळाशी पांढरी वाळू, वाळूवर सच्छिद्र दगडांची रास. मासा एकही नाही. टाकीचा मालक परीक्षानळीत पाणी घेतो, त्यात रसायनाचे थेंब टाकतो आणि पिवळा रंग हिरव्याकडे वळला की त्याचा चेहरा खुलतो. हिरवा म्हणजे अमोनिया. पाण्यात विष साठू लागल्याचा एवढा निर्मळ आनंद दुसऱ्या कुठल्या छंदात होत असेल?

खाऱ्या पाण्याची टाकी लावणारे या रिकाम्या काळाला ‘सायकलिंग’ म्हणतात. चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त.

मुंबईकराला समुद्र हाकेच्या अंतरावर असतो, पण शहराचं सांडपाणी पोटात घेणारं ते पाणी टाकीत चालत नाही. आरओचं पाणी घ्यायचं, सागरी टाक्यांसाठी मिळणारं मीठ लिटरमागे पस्तीस-एक ग्रॅम विरघळवायचं आणि खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ दिसेपर्यंत जुळवत राहायचं. पाणी उडून जातं, मीठ मागे उरतं. म्हणून रोजची तूट भरायची ती गोड्या पाण्याने. टाकी जितकी लहान, तितका हा तोल लवकर ढळतो. नवशिक्याने अगदी छोट्या टाकीपासून सुरुवात करावी, हा सल्ला म्हणूनच पटत नाही. छोटी टाकी स्वस्त असते, सोपी नसते.

मग त्या पाण्यात कोळंबीचा तुकडा कुजायला टाकतात, किंवा मोजून अमोनियम क्लोराइड घालतात. हे जेवण जीवाणूंचं. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट माशांना बरंच सोसतं. दोन्ही गट सावकाश वाढणारे. एरवीचे काही जीवाणू वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतात, यांना अर्धा-एक दिवस लागतो. पूर्वी या काळात टाकीत चिवट म्हणून डॅमसेल मासे सोडायचे. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२च्या आसपास असतो आणि अशा पाण्यात अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा अधिक जहरी ठरतो. जिवंत माशाचे कल्ले भाजत टाकी तयार करण्याची ती रीत मागे पडू लागली, हे फार चांगलं झालं.

हे वाट पाहणं पहिल्यांदा मोजलं गेलं ते पॅरिसच्या सांडपाण्यात. १८७७ साली थेओफील श्लोझिंग आणि आशील म्युंट्स या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी काचेची लांब नळी घेतली, तिच्यात भाजलेली वाळू आणि चुनखडीची पूड भरली आणि वरून सांडपाणी संथपणे झिरपत ठेवलं. सांडपाणी जमिनीतून झिरपताना त्यातला अमोनिया नायट्रेट कसा होतो, हा त्यांचा प्रश्न. निव्वळ रसायनाचं काम असतं तर ते पहिल्या दिवशीच सुरू झालं असतं. वीस दिवस काहीही घडलं नाही. अमोनिया वरून जसा शिरायचा तसाच खालून बाहेर पडायचा. त्यानंतर नायट्रेट दिसू लागलं. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, त्या काळी शस्त्रक्रियेत माणसाला गुंगी आणायचं तेच क्लोरोफॉर्म. नायट्रेट थांबलं. वाफ काढून टाकली तरी काम सुरू होईना. बागेतली चिमूटभर माती पाण्यात कालवून ते पाणी नळीत ओतलं, तेव्हा पुन्हा नायट्रेट उतरू लागलं. वाळूत कुणीतरी राहत होतं!

ते राहणारे हाती लागायला आणखी तेरा वर्षं गेली. जिलेटिनच्या पौष्टिक थरावर त्यांना वाढवू पाहणाऱ्यांच्या पदरी निराशाच पडली. सेर्गेई विनोग्राड्स्की तरुणपणी सेंट पीटर्सबर्गला पियानो शिकत होता, मग ते सोडून विज्ञानाकडे वळला. १८९०मध्ये झुरिकला त्याने उलट केलं. पोषण काढूनच घेतलं, फक्त क्षार आणि अमोनिया ठेवला. त्या उपासाच्या पाण्यात ते वाढले. अमोनियातून ऊर्जा, कार्बन डायऑक्साइडमधून शरीर, आणि तेही सूर्यप्रकाशावाचून. हिरव्या पानाखेरीज कुणी स्वतःचं अन्न घडवू शकतं, ही त्या काळी धक्का देणारी गोष्ट होती. आज दिवाणखान्यातल्या दगडाच्या प्रत्येक छिद्रात ती घडते.

दरम्यान टाकीतल्या वाळूवर तपकिरी थर चढतो. तो डायॅटम नावाच्या सूक्ष्म शैवालाचा, बहुधा आपोआप ओसरतो. घाबरून सगळी वाळू धुऊन काढणारे जीवाणूंची वस्तीही धुऊन टाकतात.

दगड मात्र किनाऱ्यावरून उचलून आणायचा नाही, तो बऱ्याचदा प्रवाळाचाच सांगाडा असतो. कठीण प्रवाळ २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत; ते काढणं आणि विकणं हा गुन्हा आहे. मासाही शक्यतो हॅचरीत जन्मलेला घ्यावा. क्लाउनफिश आता भारतातल्या हॅचऱ्यांमध्ये वाढवले जातात आणि टाकीतलं जेवण त्यांना जन्मापासून ठाऊक असतं. घ्यायचेच तर दोन लहान घ्यावेत. या जातीत सगळेच आधी नर. जोडीत जो मोठा आणि दांडगा होतो, त्याची मादी होते. ती मेली तर उरलेला नर मादी होतो आणि नव्या जोडीदाराला घराचे नियम शिकवायला लागतो.