मढीच्या वाटेवर, तिसगावात

कल्याण-निर्मल महामार्गाने नगरहून पाथर्डीकडे निघालं की भिंगार मागे पडतं न पडतं तोच डोंगरमाथ्यावरचा तिमजली, अष्टकोनी मकबरा दिसायला लागतो. तो सलाबतखानाचा, पण अख्खा जिल्हा त्याला चांदबिबीचा महाल म्हणतो. पुढे मेहेकरी, मग करंजीचा घाट. फाल्गुनातलं ऊन, रस्त्याला यात्रेकरूंची गर्दी. मढीला कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते. मामांना रंगपंचमीची रेटारेटी सोसत नाही, म्हणून आम्ही ती उलटल्यावर निघालो होतो.

घाटातच मीटरवर बॅटरीचं लाल चिन्ह लागलं. आधी मिणमिणतं, मग ठळक.

“बॅटरी उतरली वाटतं. बंद कर गाडी, जरा निवू दे,” मामा म्हणाले.

“नको मामा. बंद केली तर परत चालू होईलच असं नाही.”

चालत्या गाडीत हा दिवा लागला, तर बहुधा चार्जिंग थांबलेलं असतं. अल्टरनेटर, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत डायनामो, वीज करत नाही आणि गाडी बॅटरीतल्या शिलकीवर चाललेली असते. पहिली शंका पट्ट्याची. बऱ्याच गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही फिरतो. पट्टा तुटला असेल तर इंजिन तापून बसेल, मग एक किलोमीटरही पुढे जायचं नाही. रस्ता रुंद झाला तिथे बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं, बॉनेट उघडून हात लांब ठेवून पाहिलं. पट्टा शाबूत होता, घसरत नव्हता. तापमानाचा काटाही जागेवर. एसी, गाणी, मोबाईलचा चार्जर, सगळं बंद केलं आणि करंजी मागे टाकून तिसगाव गाठलं.

तिसगाव म्हणजे नाक्याचं गाव. इथून शेवगावला रस्ता फुटतो, गर्भगिरीच्या कुशीतल्या वृद्धेश्वराला जाता येतं, मढीही हाकेच्या अंतरावर. अशा गावात ट्रॅक्टर, जीप, पिकअप यांची वर्दळ असते आणि वर्दळ असली की ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान असतंच. आम्हाला मिळालं ते पत्र्याच्या शेडमधलं. बाहेर जुन्या बॅटऱ्यांची रांग, आत बाकावर उघडलेले सेल्फ आणि डायनामो. मिस्त्री तिशीचा असेल. त्याने आधी विचारलं, “दिवा कुठं लागला? सेल्फ मारताना काय आवाज येतो?” मग मल्टिमीटर काढला.

इंजिन चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. आकडा आला ११.९. हेडलाईट लावायला सांगितल्या, तो आणखी उतरला.

शेजारच्या टपरीवरून एक काका आले. “टर्मिनल काढून बघ ना रे! गाडी बंद पडली की डायनामो गेला समजायचं.”

“काका, ते जुन्या जीपला चालायचं. ह्यात कॉम्प्युटर आहे, एका झटक्यात उडंल.”

मला तिथेच त्याच्याबद्दल आदर वाटला. चालत्या इंजिनावर बॅटरीची वायर उपटली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि हजारोंचं नुकसान होतं. तरीही ही परीक्षा गावोगाव चालते.

“नवीन बॅटरीच टाकायची का?” मामांनी विचारलं.

“कशाला दादा? टाकी रिकामी आहे म्हणून टाकी बदलता का? मोटर पाणी चढवती का ते बघा आधी.”

इंजिन बंद करून त्याने आधी निगेटिव्ह सोडली, मग पॉझिटिव्ह. टोकांवर पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर होता. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून तो धुतला, ब्रशने घासून टोकं चकचकीत केली. मग डायनामो उतरवला. मागची टोपी उघडून त्याने चिमट्याने कार्बनचा ब्रश बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. नखाएवढाच उरला होता, एका कडेने तिरका झिजलेला. स्प्रिंग ढिली. हा तुकडा फिरत्या तांब्याच्या कड्यांना टेकलेला राहायला हवा. त्याच्यातून आत प्रवाह जातो तेव्हाच चुंबक तयार होतो आणि वीज निर्माण होते. तुकडा कड्यांपर्यंत पोचेना, तिथे सगळं अडलं होतं. झिरो पेपरने कडी पुसून, नव्या ब्रशच्या वायरीला डाग देऊन त्याने तासाभरात जोडणी केली. बसवताना आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह, टोकांवर व्हॅसलीनचं बोट.

सेल्फ जेमतेम फिरला, पण इंजिन लागलं. दिवा विझला. मीटरवर १४.२. लाईट, पंखा, एसी सगळं लावून पाहिलं तरी १४ च्या खाली नाही.

या दुरुस्तीला नव्या बॅटरीच्या किमतीचा लहानसा हिस्सा लागला. लाल दिवा दिसताच गिऱ्हाइकाच्या गळ्यात नवी बॅटरी मारणारी दुकानं मी शहरात पाहिली आहेत. ती नवी बॅटरीही अशा गाडीत दोन-चार दिवसांत उतरलीच असती. मीटर टेकवायला मिनिटही लागत नाही. तो टेकवल्याशिवाय बॅटरी विकणं मला फसवणूकच वाटते.

निघताना मिस्त्रीने बजावलं, “बॅटरी पार उतरली होती. रात्री चार्जरला लावा, डायनामोवर सगळा भार नको. सकाळी थंड्या गाडीवर बघा. साडेबारा दिसलं तर बॅटरी चांगली. बाराच्या खाली आलं तर मग बदला.”

मढीत गडाच्या पायऱ्या मामा दमाने चढले. समाधीचं दर्शन झालं, रेवड्या घेतल्या. रात्री मुक्कामाच्या घरी चार्जर मिळाला. सकाळी मीटर लावला तेव्हा १२.५ होते. तीच बॅटरी घेऊन आम्ही वृद्धेश्वराकडे वळलो.