प्रकाशाचे वजन

कल्याण सोडल्यावर बदलापूर लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ असे थांबे घेत जाते आणि प्रत्येक थांब्याला आम्ही उभे प्रवासी पुढे कलतो. ब्रेक गाडीला लागतो, आम्हाला नव्हे. आमची देहे पूर्वीच्याच वेगाने जाऊ पाहतात. न्यूटनने १६८७ साली ग्रंथबद्ध केलेला गतीचा पहिला नियम आम्हा उपनगरवासीयांना असा रोज दोनदा शिकवला जातो. तिसऱ्या नियमाचा प्रत्यय धक्का देणाऱ्यास लगेच येतो, त्याविषयी अधिक काय लिहावे!

रविवारच्या धर्मशिक्षणवर्गात प्रकाशाच्या निर्मितीचा अध्याय चालू असताना आठवीतील एका मुलीने विचारले, “टीचर, प्रकाशाला वजन नाही, मग गुरुत्वाकर्षण त्याला ओढते कसे?”

प्रश्न फार जुना आहे. वस्तुमान जितके अधिक, तितकी पृथ्वीची ओढ अधिक. पण तितकीच ती वस्तू हलवायलाही जड. दोन्हींचा हिशेब फिटतो. म्हणून उल्हास नदीच्या पुलावरून सोडलेला धोंडा आणि खडा जवळजवळ एकदमच पाण्याला लागतात. मग वस्तुमान कमी कमी करत शून्याशी नेले तर? सोल्डनर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८०१ मध्ये न्यूटनच्याच नियमांनी गणित केले, की सूर्याजवळून जाणारा किरण किंचित वाकेल. आइन्स्टाइनने १९१५ साली त्याच्या दुप्पट उत्तर काढले. सूर्य किरणाला ओढत नाही. सूर्याच्या वस्तुमानाने अवकाश आणि काळच वक्र होतात आणि प्रकाश त्या वळणाने जातो. २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणात घेतलेल्या छायाचित्रांनी आइन्स्टाइनला कौल दिला.

परंतु वस्तूला हे जडत्व मुळात येते कोठून? आपल्या कोल्हापूरचे जयंत नारळीकर ह्यांनी फ्रेड हॉइल ह्यांच्यासह १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा जो सिद्धान्त मांडला, त्यात प्रत्येक कणाचे वस्तुमान विश्वातील इतर सर्व कणांमुळे ठरते. म्हणजे अंबरनाथला बसणाऱ्या हिसक्यात दूरदूरच्या तारकांचाही वाटा! बहुसंख्य शास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही, तरी ही कल्पना आम्हाला मोह घालते.

महास्फोटाचा सिद्धान्त नारळीकरांनी २०२५ मधील आपल्या निधनापर्यंत मान्य केला नाही. त्या सिद्धान्ताचे बीज पेरणारे मात्र एक कॅथलिक धर्मगुरू, बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र. वर्गानंतर एका पालकांनी सुचवले, “महास्फोट म्हणजेच उत्पत्तीचा पुरावा, असे मुलांना सांगून टाका.” आम्हाला ते रुचले नाही. श्रद्धा गणितावर टेकवली आणि उद्या एखाद्या नारळीकरांचे गणित खरे ठरले, तर त्या मुलीने काय करायचे? १९५१ साली पोप पायस बारावे ह्यांनी नव्या विश्वविज्ञानात निर्मात्याची साक्ष पाहिली, तेव्हा अस्वस्थ झाले ते स्वतः लमेत्रच. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नांपासून अलग आहे, असे ते आग्रहाने सांगत. आम्ही त्या पालकांना एवढेच सांगितले. त्यांचे समाधान झाले नाही.

विश्वाच्या उष्ण बाल्यावस्थेतला प्रकाश आज सूक्ष्म लहरींच्या रूपाने सर्व दिशांनी आपल्यापर्यंत येतो, हा शोध १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. जून १९६६ मध्ये लमेत्र निवर्तले. त्यापूर्वी थोडेच दिवस ही वार्ता त्यांच्या कानी पडली होती.