वैनगंगेकाठून पाहिलेला समुद्र

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात वाढलेल्या आम्हां वसतिगृहवासीयांना पाणी म्हणजे वैनगंगा आणि नाव म्हणजे ढिवरांचा डोंगा. समुद्र भूगोलाच्या पुस्तकात. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून निघाले. १९ मे २०१० रोजी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारे पहिले भारतीय ठरले. ही वार्ता वाचताना आम्ही ‘एकट्याने’ या शब्दापाशीच थांबलो. घर सोडून आलेल्या मुलाला तो शब्द पहिल्याच रात्री कळतो.

वाटेत फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनले आणि केप टाउन ही चारच बंदरे. मध्ये खवळलेला दक्षिण महासागर आणि केप हॉर्नचे खडकाळ टोक. तरी ती ५६ फुटी नौका गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात घडली, आणि दोंदे बांधणीपासूनच तिच्यासोबत होते, ही गोष्ट आम्हांला प्रदक्षिणेहून मोलाची वाटते. (विक्रमाच्या बातमीत सुतार-कारागीर सहसा दिसत नाहीत.)

आमची वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, सिरोंच्यापाशी गोदावरीत शिरते आणि समुद्र गाठते. आमच्यातले कित्येक असेच दूर गेले. निघताना त्यांची पत्र्याची पेटी वसतिगृहातल्याच मुलांनी एस. टी.च्या टपावर चढवली होती.