फाट्यातला गाळ

इंदापूरचे माझे साडू आठवड्यातून दोनदा बारामतीला डायलिसिसला जातात. महात्मा फुले योजनेत पैसे लागत नाहीत, पण मशीनवरचे चार तास आणि येणे-जाणे यात दिवस मोडतो.

मागच्या वर्षी त्यांचा डावा हात सुजला. सूज खांद्यापर्यंत गेली, अंगठी निघेना, छातीवर निळ्या शिरा दिसू लागल्या. हा त्यांचा फिस्टुलाचा हात. मनगटापाशी धमनी आणि शीर जोडायची ही युक्ती न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९६६ साली प्रसिद्ध केली. आजही जगभरचे रुग्ण तिच्यावर जगतात.

पुण्यात तपासणी झाली. गळ्याच्या हाडाखालची मोठी शीर आकसली होती. पहिल्यांदा डायलिसिस अचानक करावे लागले तेव्हा फिस्टुला नव्हता, म्हणून त्याच बाजूला नळी घातली होती, ती काही महिने राहिली. नळी शिरेला आतून घासते, तिथे व्रण होऊन शीर जाड होते. त्यात फिस्टुलाचे जोराचे रक्त येऊन तुंबते.

साडू म्हणाले, "म्हणजे गुरुजी, फाट्यात गाळ. वरून आवर्तन सुटलंय अन् खाली पाणी जाईना." नीरा डाव्या कालव्यावर आयुष्य गेलेला माणूस! (गाळ नव्हे, भिंतच दाटते, पण मी शिकवणी घेतली नाही.)

उपाय बिनचिरफाडीचा. फिस्टुलाच्या शिरेतून तार, तारेवरून फुगा. अरुंद जागी तो दाबाने फुगवतात. १९६४ साली अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी पायाची धमनी नळ्या सरकवून रुंद केली, १९७४ मध्ये झुरिकला ग्रुन्टझिग यांनी फुगा वापरला. साडूंची सूज आठवड्यात उतरली.

पाच महिन्यांनी हात पुन्हा जड. या शिरा परत आकसतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. पुन्हा फुगा, नाही जमले तर स्टेंट. तोही कालांतराने अडू शकतो. "असं किती वेळा?" मेव्हणी विचारते. फिस्टुला बंद केला तर सूज जाईल, पण मग सुई कुठे टोचायची?

मला चीड येते ती वेगळीच. किडनी खालावतेय हे वर्षभर आधी कळले होते. फिस्टुला तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात. तेव्हाच केला असता तर ती नळी टळली असती. पण "डायलिसिस नको रे बाबा" म्हणत घरोघरी दिवस ढकलतात.

असो. दुसरा फुगा पुढच्या मंगळवारी आहे. उसाची पाण्याची पाळी बघूनच साडूंनी ती तारीख घेतली.