घेणारानें कोणाचें ऐकावें?

हातांत पैसा असला म्हणजे बाजारांत हवी ती वस्तु चांगली मिळते, असें विद्यार्थ्यांस वाटणें साहजिक आहे. परंतु पैशाच्या आधीं दुसरी एक गोष्ट लागते, ती म्हणजे विश्वास. नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यांत माळेगांव येथें मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास खंडोबाची यात्रा भरते. तेथील जनावरांचा बाजार पाहिला म्हणजे ही गोष्ट चांगली ध्यानांत येते.

या बाजारांत गर्द तांबड्या रंगाचीं लाल कंधारी आणि पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेलीं देवणी गुरें विक्रीस येतात. एका जातीस कंधारचें, तर दुसरीस लातूर जिल्ह्यांतील देवणीचें नांव आहे. बैलाचें वय मालकास विचारण्याची गरज नाहीं. जबडा उघडून पाहावा. दुधाचे दांत पडून दोन मोठे दांत आले असतील तर वय दोन-अडीच वर्षांचें. पांचाव्या वर्षाच्या सुमारास आठही दांत येऊन बैल जुळतो. खूर, खांदा आणि चाल हींही डोळ्यांना दिसतात. पण बैल भर नांगरटींत बसकण मारतो काय, जुंपतांना लाथ झाडतो काय, हें दांतांवर लिहिलेलें नसतें. तें त्याच्या गांवच्या शेजाऱ्यासच ठाऊक.

आम्ही एका वर्षीं परिचयाच्या एका शेतकऱ्याबरोबर या बाजारांत हिंडलों. एका देखण्या जोडीवर त्यांचें मन बसलें. दलालानें रुमालाखालीं हात घेऊन बोटें दाबलीं. आंकडा जवळजवळ ठरला. इतक्यांत शेतकऱ्यानें विकणाराचें गांव विचारून घेतलें, आणि त्या गांवचा माणूस शोधण्यासाठीं दुपारभर बाजार पालथा घातला. शेवटीं एक वृद्ध गृहस्थ भेटले. “बाबा, उजवा बैल गुणाचा आहे. डावा चिखलांत बसतो, मग उठत नाहीं,” एवढेंच ते बोलले. सौदा मोडला. दलाल रागावला, तेव्हां शेतकरी शांतपणें म्हणाला, “पैसा एकदांच जाईल हो, पण पेरणी गेली तर वर्ष जाईल.”

दलालाची स्तुति अधिक गोड होती, तरी वजन त्या वृद्धाच्या शब्दास आलें. असें कां व्हावें? एक तर त्यांनीं बैल राबतांना स्वतः पाहिला होता. दुसरें, सौदा होवो वा न होवो, त्यांस कवडीही मिळणार नव्हती. तिसरें, विकणारा त्यांच्याच गांवचा असल्यामुळें खरें सांगून त्यांनीं वाईटपणा पदरांत घेतला होता. अशा शब्दाची किंमत मोठी असते. मात्र दहा जण एकच गोष्ट सांगतात म्हणून ती दहापट खरी ठरत नाहीं. दहाही जणांनीं ती एकाच तोंडून ऐकली असेल, तर साक्षीदार एकच होय.

आतां पालकांस थोडी विनंती. गेल्या शतकाच्या अखेरीस ‘लातूर पॅटर्न’चें नांव महाराष्ट्रभर झालें. आज गांवोगांवचीं मुलें लातुरास व नांदेडास शिकवणीसाठीं येतात. रस्त्यांवर यशस्वी विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांचे मोठमोठे फलक झळकतात. किती जण यशस्वी झाले तें फलक सांगतो. किती जण शिकत होते तें क्वचितच सांगतो. शंभरांतले दहा आणि हजारांतले दहा फलकावर सारखेच दिसतात. बैलासाठीं दुपारभर हिंडणारा बाप मुलासाठीं मात्र “सगळेच तेथें जातात” एवढें ऐकून कर्ज काढतो, हें पाहून आम्हांस वाईट वाटतें. त्यानें मागील वर्षीं तेथें शिकलेल्या मुलांस भेटावें. ज्याचें छायाचित्र फलकावर नाहीं, त्यास तर अवश्य भेटावें.

आणि विद्यार्थिमित्रांनो, उद्यां तुम्हांसही कोणी असेंच विचारील. त्या वेळीं त्या वृद्धाची जागा तुमची असेल. पाहिलें असेल तें पाहिलें म्हणून सांगा, ऐकलें असेल तें ऐकलें म्हणून सांगा, आणि ठाऊक नसेल तर तसें स्पष्ट सांगा. आपल्या एका शब्दावर दुसऱ्याच्या घरची वर्षाची पेरणी अवलंबून असूं शकते.