टाक्यापुरता अंधार

२४ ऑक्टोबर १९९५. आदल्या संध्याकाळी लक्ष्मीपूजन झालेलं आणि सकाळी सूर्यग्रहण. तिकडे राजस्थानापासून पुढे खग्रास दिसणार होतं, आमच्या घोडेगावात खंडग्रास. घरोघरी पाण्याच्या हंड्यांवर तुळशीची पानं पडली होती आणि पोरांना उंबऱ्याबाहेर बंदी होती. तरी आम्ही सात-आठ जण हायवेच्या कडेच्या वेल्डिंगच्या शेडवर जमलोच, कारण गावात काळी काच फक्त मिस्त्रींकडे होती. ती हातोहात फिरली. दिवसाढवळ्या तिच्यातून रस्ता दिसत नव्हता, शेड दिसत नव्हती, शेजारचा पोरगा दिसत नव्हता. फक्त एका बाजूने चावलेल्या भाकरीएवढा हिरवा सूर्य. मिस्त्री म्हणाले, "सूर्य परवडला रे पोरांनो. माझ्या कांडीकडं बघत जाऊ नका."

ती काच अकरा नंबरची होती आणि सूर्याकडे बघायला चौदा नंबर लागतो, हे मला पुढे आयटीआयमध्ये कळलं. तेव्हा एवढंच लक्षात आलं की ही काच जग पुसून टाकते आणि एकच गोष्ट शिल्लक ठेवते. पुढची वीस वर्षं माझं सगळं भांडण तिच्याशी या एका गुणावरून झालं.

दहावीनंतर मी त्याच शेडवर धरायला लागलो. धरायला म्हणजे खरोखर धरायलाच. मिस्त्रींच्या उजव्या हातात होल्डर आणि डाव्या हातात फायबरचा पडदा, त्याला मधोमध ती काच. दोन्ही हात गुंतल्यावर अँगल गुनियात कोण धरणार? तर मी. शेडवर पडदा एकच. मिस्त्री "डोळे!" म्हणाले की मी डोळे मिटून मान वळवायची, मिटलेल्या पापण्यांवर तांबडा उजेड पडून गेला की पुन्हा वळायचं. दिवसात असं किती वेळा, याचा हिशेब नव्हता.

आणि टाका मारताना मिस्त्री स्वतःही पडदा घेत नसत. ज्याने वेल्डिंग केलेलं नाही त्याला हा वेडेपणा वाटेल. पण काळ्या काचेतून कांडीचं टोक दिसत नाही, जोड दिसत नाही, काहीच दिसत नाही. आर्क पेटल्यावरच दिसायला लागतं, आणि तोवर कांडी कुठे टेकली ते ठरून गेलेलं असतं. लांब लाईन मारायची असेल तर चालून जातं, दोन सूत इकडेतिकडे झालं तरी पुढे सावरता येतं. टाका मात्र एकच ठिपका असतो. तो चुकला की चौकट गुनियाबाहेर जाते. म्हणून डोळ्याने नेम धरायचा, कांडी टेकवायची आणि टेकवता टेकवता डोळे मिटायचे. मिटायला पापणीभर उशीर झाला तर झाला. वेल्डरचे डोळे मोठ्या कामात जात नाहीत, या टाक्यांत जातात.

मला पहिल्यांदा वेल्डिंग लागलं ते असंच, एका शटरच्या पट्ट्या धरताना. दिवसभर काही नाही. ही त्याची खोड आहे, सहा-आठ तास तो गप्प बसतो. रात्री एकच्या सुमाराला डोळ्यांत मूठभर वाळू टाकून कुणीतरी चोळल्यासारखं झालं. डोळा उघडा ठेववेना आणि मिटवेना. आईने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, ओला पंचा बांधला, मिस्त्रींना शिव्या घातल्या. जे होतं ते असं, की आर्कमधला अतिनील प्रकाश बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची वरची साल भाजतो, उन्हाने पाठीची साल निघावी तशी. ती साल दिवस-दोन दिवसांत नवी येते. बरं होतं हाच घात आहे. बोट कापलं असतं तर मी शहाणा झालो असतो, इथे तिसऱ्या दिवशी पुन्हा अँगल धरून उभा.

आमच्या नगर जिल्ह्यात वेल्डर पिकतात ते उसामुळे. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याच्या मागोमाग राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव, नेवासा अशी धुराडी उठत गेली. कारखाना म्हटला की ट्रॉल्या आल्या, टायरगाड्या आल्या, जुगाडं आली, आणि ती मोडणं आलंच. गळिताच्या हंगामात ट्रॉलीचा हूक तुटला की ट्रॅक्टरवाला रात्री दोनला दार वाजवतो. (दाराचीही गंमतच. माझ्या शेडपासून पाच-सहा किलोमीटरवर शनिशिंगणापूर. मी आयुष्यभर दारं, गेटं, ग्रील करतोय आणि शेजारच्या गावात परंपरेने घरांना दारं नाहीत. २०११ साली तिथे युको बँकेने शाखा काढली, तीही बिनकुलपाची.)

नगरच्या आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा कोर्स केला. तेव्हा नगर अहमदनगर होतं, २०२४ पासून कागदावर अहिल्यानगर आहे. आमच्या तोंडी अजून नगरच. सरांनी एकदा सगळ्या बॅचला रणगाड्यांच्या संग्रहालयात नेलं होतं. ते १९९४ साली सुरू झालेलं, म्हणजे नवंच होतं. बाकीचे लोक तोफा बघत होते आणि आम्ही जोड. रोल्स रॉइसच्या जुन्या चिलखती गाडीला रिव्हेट, सेंच्युरियनच्या अंगाला वेल्डिंग. एवढ्या जाड पत्र्याची लाईन एवढी सरळ कशी गेली असेल, यावर परतीच्या बसमध्ये वाद.

मग एका कारखान्यात ॲप्रेंटिस. तिथे डोक्यावर घालायचं हेल्मेट मिळालं. काच तीच, पण डावा हात मोकळा झाला. नेम धरायचा, मानेला झटका द्यायचा, हेल्मेट खाली पडतं, मग आर्क मारायची. झटका देताना हात किंचित हलतोच, पण अंदाज बसतो. हंगाम चालू असताना उसाच्या रोलरच्या दातांवर खडबडीत थेंब सोडावे लागतात, नाहीतर गुळगुळीत झालेला दात ऊस पकडत नाही, घसरतो. हे काम रोलर फिरत असतानाच चालतं. अंगावर चिपाड आणि रसाचा चिकटा उडत असतो, आणि तुम्ही फिरत्या लोखंडावर ठिणग्या पेरत असता. तिथे मानेच्या झटक्याची इतकी सवय लागली की घरी जेवताना कुणी काही विचारलं तरी मान तशीच पडायची. बायको म्हणायची, "अहो, हो म्हणताय का पडदा पाडताय?"

स्वतःची शेड टाकली २००६ मध्ये. ऑटो हेल्मेट हा शब्द कानावर होता, पण ते कंपनीतल्या लोकांचं काम वाटायचं. वस्तू काही नवी नव्हती; स्वीडनमध्ये स्पीडग्लास नावाने ती १९८१ सालीच बाजारात आली होती, म्हणजे मी रांगत होतो तेव्हा. घोडेगावला पोहोचायला तिला पस्तीस वर्षं लागली. २०१६ मध्ये मी एक मागवलं, बाराशे रुपयांचं, कपाळावर ज्वाळांचं चित्र असलेलं.

पहिला टाका अजून आठवतो. ट्रॉलीच्या फाळक्याचा कोपरा होता. हेल्मेट खाली होतं आणि तरी मला कोपरा दिसत होता, जरा हिरवट, संध्याकाळच्या उजेडातल्यासारखा. कांडीचं टोक दिसत होतं, त्याची मसाल्याची कोर दिसत होती, खालच्या पत्र्यावर मी खडूने मारलेली रेघ दिसत होती. टेकवलं. काळोख, ठिपका, पुन्हा उजेड. टाका रेघेवर. मी हेल्मेट काढून उगाच आत बघितलं. त्या वेळेपर्यंत हजारो टाके मारले असतील, पण कांडी टेकताना उघड्या डोळ्यांनी बघितलेला तो पहिला.

आत फार काही नसतं. कॅल्क्युलेटरचे आकडे ज्या द्रव स्फटिकाने काळे होतात त्याचाच थर दोन काचांमध्ये असतो. पुढच्या सेन्सरना आर्क दिसली की त्या थराला वीज मिळते आणि तो काळा होतो. चांगल्या हेल्मेटमध्ये हे सेकंदाच्या पंचवीस हजाराव्या भागात उरकतं. पापणी त्याच्यापुढे बैलगाडी आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा थर वेगळा असतो. तो कायम असतो, काच उजळ असो की काळी, बॅटरी असो की नसो. हे मला त्या वेळी माहीत असतं तर पुढची गोष्ट वेगळी झाली असती. धूर मात्र कुठलीच काच अडवत नाही. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर आणि आर्कचा अतिनील प्रकाश दोन्ही कर्करोगकारक ठरवले. आमच्याकडे धुरावर उपाय म्हणून गूळ खातात.

स्वस्ताईची किंमत हळूहळू कळली. माझ्या हेल्मेटला सेन्सर दोनच. ट्रॉलीखाली झोपून काम करताना एक्सलची आड आली की सेन्सरला आर्क दिसेना, पण मला दिसे. दुपारच्या उन्हात मात्र आर्कशिवायच काळं व्हायचं. इन्व्हर्टर मशीन चाळीस अँपिअरवर ठेवून पातळ पाईपला बारा नंबरची कांडी लावली की त्याचा गोंधळ उडे, पेटू की नको. पुढची प्लास्टिकची काच ठिणग्यांनी देवीच्या व्रणांसारखी झाली, तर तिचं माप नगरच्या कुठल्याच दुकानात मिळेना. शेवटी शर्टाच्या खोक्याचं पारदर्शक झाकण कापून बसवलं. वर "सोलर" लिहिलेलं होतं म्हणून बॅटरीचा विचारच केला नव्हता. चौथ्या वर्षी लुकलुकायला लागल्यावर उघडलं, तर आत नाण्याएवढे दोन सेल, डाग देऊन पक्के केलेले, बदलायची सोयच नाही. मी ते उखडून नवे जोडले. काही महिने चाललं. मग काचेच्या कडेने शाईचा डाग पसरावा तसं दिसायला लागलं आणि लुकलुक परत आली.

दुसरं घ्यायला नगरला गेलो तेव्हा दुकानदाराने सवयीने गरुड, कवटी, तिरंगा अशी चित्रं मांडली. मी चित्र बघितलंच नाही. सेल बदलायचा कप्पा आहे का, पुढच्या काचा सुट्या मिळतात का, सेन्सर चार आहेत का, एवढं विचारलं आणि शेडवरून उचलून नेलेला पाईपचा तुकडा काढून म्हटलं, तुमच्या मशीनवर चाळीसवर टाका मारून बघू द्या. त्याला ते आवडलं नाही, पण मारू दिला. साडेसात हजार मोजले.

आणि जुनं, लुकलुकणारं हेल्मेट शेडवरच्या पोराला दिलं. पाथर्डीकडचा पोरगा, आई-बाप ऊसतोडीला. माझ्याकडे धरायला होता, टाके मारायला नुकता शिकत होता. "घे, तुला झालं," म्हटलं. मला वाटलं, आपल्या मिस्त्रींपेक्षा आपण बरे.

आठवड्याच्या आत रात्री दीडला फोन. "भाऊ, डोळं फुटल्यागत झालंय." वाळू कुठे टोचत असेल ते मला सांगायला नको होतं. त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यात थेंब टाकला, पिवळा रंग सोडला आणि निळा दिवा धरला. "बघा," म्हणाले. बुबुळावर बारीक बारीक हिरवे ठिपके चमकत होते, घातलेल्या लाईनीच्या कडेला ठिणग्या चिकटून बसतात तसे. हे सगळं आपल्याही डोळ्यात होऊन गेलंय, ते मी पहिल्यांदा बाहेरून बघत होतो.

मी विचारलं, "हेल्मेट दिलं होतं ना तुला?"

"घातलं होतं भाऊ. पण ती काच कधी काळी व्हायची, कधी नाही. भ्या वाटायचं. मग टाक्याला वर करायचो आन् डोळं मिटायचो."

त्याने ते खालीच ठेवलं असतं तर डोळे दिपले असते, पण भाजले नसते. आतला थर होताच. पण हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी लुकलुकणाऱ्या काचेवर कोण भरवसा ठेवील? माझ्या मनातनं जे उतरलं होतं ते मी त्याच्या डोळ्यांवर चढवलं होतं. साडेसात हजारांच्या पावतीत मी त्याचे बाराशे धरले होते, हे तेव्हा कळलं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा नगरला गेलो आणि तसंच, त्याच कंपनीचं, दुसरं आणलं. जुन्याची काच चिपिंग हातोडीने फोडली, नाहीतर भंगारवाला ती पुढच्या शेडवर कुणाला तरी विकणार. लोक म्हणतात, पोरगं टिकतं का तुझ्याकडे, एवढं महागाचं कशाला. पोरगं टिको न टिको, हेल्मेट शेडवरच राहतं.

तुम्ही कधी गेटाची किंवा जिन्याच्या कठड्याची ऑर्डर द्यायला शेडवर गेलात तर भाव करा, खुशाल करा. फक्त मिस्त्रीच्या तोंडावर काय आहे ते बघून थांबू नका, अँगल धरणाऱ्या पोराच्या तोंडावर काय आहे तेही बघा. नसेल काही तर तेवढं विचारा. गिऱ्हाइकाने विचारलेलं आम्हाला लागतं.

माझ्या शेडवर दोन्ही हेल्मेटांच्या आत मी मार्करने सेल बदलल्याची तारीख लिहितो. या रविवारी बदलायचे आहेत, पोराच्या हेल्मेटचे आधी.