वाचू नकोस, बघ

गिरगावातल्या ज्या छापखान्यात मी मुद्रितशोधक म्हणून लागलो, त्याच्या जिन्याखाली घड्याळदुरुस्तीचं एक दुकान होतं. दुकान म्हणजे काचेची पेटी, उतरतं टेबल, मान वाकवलेला दिवा आणि त्यामागे काका. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. पण आज जे थोडंफार काम मला जमतं, त्यातलं बरंचसं त्या टेबलाशी उभं राहून आलं आहे, एवढं तरी कुठेतरी नोंदलेलं असावं.

मी सांगलीकडून बी. ए. मराठी होऊन आलो होतो. शुद्धलेखनाचे नियम पाठ होते आणि तेवढ्यावर मुद्रितं तपासता येतात, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात माझ्या हाताखालून ‘घ’च्या जागी ‘ध’, ‘भ’च्या जागी ‘म’ बिनदिक्कत निघून जायचे. बारीक टायपात अनुस्वार उडालेला मला दिसायचाच नाही. व्यवस्थापक सभ्य होते, ओरडले नाहीत, पण माझं काही खरं नाही, हे त्यांच्या गप्प राहण्यातून कळत होतं.

त्याच सुमारास वडिलांचं एचएमटी जनता बंद पडलं म्हणून मी ते खाली नेलं. काकांनी डायल काढून टेबलावर ठेवली, शेजारी खणातली दुसरी ठेवली आणि आयग्लास माझ्या हातात दिला. दोन्हींवर देवनागरीत ‘जनता’. “यातली कारखान्यातली कुठली?” मला दोन्ही सारख्याच दिसल्या. त्यांनी दोन्ही डायली उलट्या फिरवल्या. अक्षरं डोक्यावर उभी राहिली, आणि एकदम दिसलं की एकीतली शिरोरेषा जाड आहे, ‘त’चा पाय फुगलेला आहे, दोन अक्षरांमधली फट जास्त आहे. तीच नकली.

“सरळ असताना तू वाचत होतास,” काका म्हणाले. “वाचू नकोस, बघ. वाचायला लागलं की डोळा पुढचं आपल्या पदरचं भरतो.”

दुसऱ्या दिवसापासून मी मुद्रिताची शेवटची ओळ आधी आणि पहिली ओळ शेवटी अशी तपासू लागलो. अर्थ तुटला की अक्षर उरतं. नोकरी टिकली ती त्यामुळे. नंतर जेवणाच्या सुट्टीत मी खालीच असायचो.

काका रिडायल करत. आमच्याकडची जुनी घड्याळं नव्याने रंगवलेल्या डायली लावून परदेशी जातात, तेव्हा तिकडचे शौकीन त्यांना कुचेष्टेने ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. काकांना त्याचा राग नव्हता. पावसाचं पाणी शिरून डायल काळी पडली, माणसाला उद्या कामावर जायचंय, तर तो अस्सलपणा घेऊन काय करील, असं त्यांचं म्हणणं. फक्त बिलावर ते न चुकता ‘रिडायल’ असा शब्द लिहीत. एकदा जुन्या घड्याळांचा एक व्यापारी बरंच काम घेऊन आला आणि बिल साधं हवं म्हणाला. काकांनी पुडकं न उघडता परत दिलं. ना वाद, ना भाषण.

छपाईचं त्यांचं ज्ञान मात्र आमच्या मशीनमनलाही लाजवणारं होतं. डायलीवरची अक्षरं थेट छापत नाहीत. धातूच्या पट्टीवर ती कोरायची, खाचेत शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि मऊ गोळ्याने खाचेतली शाई उचलून डायलीवर टेकवायची. गोळा पूर्वी जिलेटिनचा असे, आता सिलिकॉनचा. अशी शाई पृष्ठावर किंचित उभी राहते. दिवा आडवा धरला की तिची कड दिसते. संगणकावरून मारलेल्या नकलेत ती कड नसते, ठिपके असतात. अस्सल डायलीचा फोटो काढून, त्यावरून पट्टी कोरली तर ‘6’ आणि ‘8’ची पोटं शाईने बुजतात. हे ऐकून मी वर जायचो आणि आमच्या फॉर्मात ‘थ’ची गाठ बुजली आहे का, ते बघायचो. बहुतेक वेळा बुजलेली असायची.

हे सगळं एकत्र कामाला आलं ते त्या क्रोनोग्राफच्या वेळी. एका गिऱ्हाइकाला साठच्या दशकातल्यासारखं काळ्या डायलीचं, दोन छोट्या तबकड्यांचं स्टॉपवॉचवालं घड्याळ हवं होतं. त्याने आणलेल्यात मशीन टियांजिनचं होतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला चीनने आपल्या वैमानिकांच्या घड्याळासाठी स्विस व्हीनस कंपनीच्या 175 या मशीनची यंत्रसामग्री विकत घेतली होती, त्याच घराण्यातलं हे आजचं एसटी19. त्यावर बसतील अशा तीन नकली डायली गिऱ्हाइकाने मागवल्या होत्या. काका म्हणाले, “निवड तू. मी आधी बोलणार नाही.”

पहिली सगळ्यांत देखणी होती. कडेने टॅकिमीटरचे आकडे होते. एक किलोमीटर जायला किती सेकंद लागले त्यावरून ताशी वेग सांगणारे. मी अक्षरांची वळणं बघत बसलो. काकांनी कागदावर 3600 लिहिलं आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवली. छत्तीसशेला सेकंदांनी भागायचं, म्हणजे प्रत्येक आकड्याची जागा ठरते. पंधरा सेकंदांना 240, म्हणजे तो तीनच्या समोर हवा. वीसला 180, चारच्या समोर. तीसला 120, सहाच्या समोर. चाळीसला 90, आठच्या समोर. या डायलीवर 90 नऊच्या समोर होता, जिथे 80 हवा. देखण्या अक्षरात छापलेली ती चक्क चूक होती. मुद्रितशोधक असून मी तोवर आकड्यांना नक्षी समजत आलो होतो. पुढे कोष्टकांच्या बेरजा स्वतः करून बघायची सवय लागली ती तिथून.

दुसरीच्या तळाशी ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना बारीक ‘टी’ होता. ही खूण ट्रिटियमची. साठच्या दशकापासून नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत काट्या-आकड्यांवर चमकणारा जो लेप लावत, त्यात हे किरणोत्सारी द्रव्य असे. बारा-साडेबारा वर्षांत त्याचा जोर निम्म्यावर येतो, त्यामुळे त्या काळातल्या डायली आज जवळपास विझलेल्या आहेत आणि लेप साय जुनी व्हावी तसा पिवळसर झालेला आहे. इथेही रंग हुबेहूब पिवळसर होता. काकांनी ती दिव्याखाली धरली आणि मग ओंजळीत झाकून मला आत बघायला लावलं. झगझगीत हिरवी! आजचा लेप, कालचा रंग, आणि वर परवाची खूण. शिवाय मशीन चिनी, म्हणजे ‘स्विस मेड’ हेही खोटंच.

तिसरी साधी होती. आकडे जागच्या जागी, कुठलाही देश नाही, ‘टी’ नाही. पाठीमागचे दोन पाय मशीनच्या भोकांत बरोबर बसत होते. काका तिला हो म्हणाले. मी अडलो. कारण कडेच्या पट्टीवर प्रत्येक सेकंदाचे पाच भाग होते. जुनी मशीनं तासाला 18,000 ठोके देत, म्हणजे सेकंदाला पाच. तिथे पाच भाग योग्य. हे मशीन 21,600 ठोक्यांचं, सेकंदाला सहा. काटा थांबवला तर तो पूर्ण सेकंदावर सोडून कुठल्याच रेघेवर नेमका येणार नाही. हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो आणि त्यांच्यावरच चालवत होतो. आम्ही बराच वेळ भांडलो. त्यांच्या मते पाच रेघा ही जुनी सवय होती, ‘टी’ हे खोटं होतं, आणि दोन्हींना एकच लाल खूण करणाऱ्या माणसाला अजून तपासणी येत नव्हती. घड्याळात तिसरीच बसली. बिलावर लिहिलं, ‘डायल नक्कल, मशीन चिनी, चालू’.

ते बिल मला पुढे एकदा फार उपयोगी पडलं. एका प्रकाशकाला एक जुनं, दुर्मीळ पुस्तक जसंच्या तसं काढायचं होतं, तीच मांडणी, तोच पिवळट कागद आणि मुखपृष्ठामागे फक्त मूळ सालाची नोंद. काम चांगलं होतं, पैसे त्याहून चांगले होते आणि मी मनातून तयारही होतो. अंतिम मुद्रितावर सही करताना हात थांबला, तो माझ्या बाणेदारपणाने नव्हे. ते बिल आठवलं, आणि न उघडता परत गेलेलं ते पुडकं. ‘पुनर्मुद्रण’ आणि चालू साल असं एका ओळीत घाला, एवढंच सुचवलं. प्रकाशकांनी कुरकुर केली, पण ओळ घातली. ‘टी’ आणि पाच रेघा यांतला फरक मला त्या दिवशी कळला, भांडणानंतर बऱ्याच उशिरा.

पण पाच रेघांचा हट्ट काही सुटला नव्हता. चंद्रावर गेलेलं ओमेगाचं स्पीडमास्टर 1968 पासून 21,600 ठोक्यांच्या मशीनवर आलं, तरी डायलीवर सेकंदाचे पाच भाग तसेच राहिले होते. 2021 मध्ये कंपनीने नेहमीच्या मॉडेलात नवं मशीन बसवलं तेव्हा कुठे पाचाचे तीन केले, ठोक्यांशी जुळणारे. तोवर काका दुकान बंद करून रत्नागिरीला मुलीकडे गेले होते. मी उत्साहाने फोन लावला आणि सांगितलं की अखेर अस्सलवाल्यांनीच चूक दुरुस्त केली, मी म्हणत होतो ते बरोबर होतं.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बरोबर होतं रे. पण मधल्या पन्नास वर्षांत कुणाचं अडलं?” आणि लगेच विचारलं, “ते तुझं पुस्तक निघालं का? ती ओळ कितीच्या टायपात घेतली?”

आठ पॉइंट, मी म्हणालो. बारीक झाली, असं त्यांचं मत पडलं.